आखाजीची गाणी आणि चाळीस अंशांचा डबा

घरच्या टीव्हीवर सिनेमे, गाणी, लग्नाचे व्हिडिओ लावायला एखादा स्टोरेजचा डबा घ्यायचाय, कोणता घेऊ, असं विचारणारी माणसं हल्ली जळगावात वाढली आहेत. मुलगा पुण्यात नाहीतर बंगळुरूत नोकरीला असतो, त्याने फोनवर ‘नॅस’ (घरच्या नेटवर्कला जोडायचा हाच तो डबा) हा शब्द सांगितलेला असतो, आणि बाप गोलाणी मार्केटात चार दुकानं फिरून शेवटी माझ्याकडे येतो. मी आधी चहा सांगतो आणि विचारतो, “आप्पा, ठेवायचं काय आहे त्यात?” इथे बहुतेक जण अडतात. किती टीबी, प्रोसेसर कोणता, हे पोराने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं असतं. काय ठेवायचं, ते कोणीच सांगितलेलं नसतं.

मी या धंद्यात लहान वयात शिरलो. धुळ्याला पाच कंदिलाजवळ एका व्हिडिओ लायब्ररीत पोऱ्या म्हणून लागलो. मग कॅसेट भरून देणं, सीडी, मेमरी कार्ड असं करत करत जळगावला आलो. माल बदलत गेला. काम तेच राहिलं, लोकांचे आवाज आणि लोकांची चित्रं कशात तरी भरून त्यांच्या हातात द्यायची. त्यामुळे डब्याची कंपनी सांगण्याआधी खान्देशाने आजवर आवाज कशाकशात ठेवला, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. गिऱ्हाईक घाईत असलं तर कंटाळतं. वाचकाला तेवढी घाई नसावी.

सुरुवात धुळ्यापासूनच करावी लागते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या माळ्यांवरचे कागदांचे रुमाल सोडवत, मोडी कागद उतरवून घेत, आणि शेवटी 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच वारले. त्यांचं दप्तर विखरून जाऊ नये म्हणून 1927 च्या जानेवारीत धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं मठामठांतून गोळा केली, ती समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. म्हणजे या गावाला जुन्या वस्तू जपायची सवय आहे. पण हे सगळे कागद. आवाजाचं काय?

आवाजाची सगळ्यात मोठी साठवणही धुळ्यातच झाली, आणि तीही तुरुंगात. 1932 साली धुळ्याच्या जेलमध्ये विनोबा होते, साने गुरुजी होते, जमनालाल बजाज होते. 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिलं. अठरा रविवार, अठरा अध्याय. समोर ना माईक, ना मशीन. साने गुरुजी भरभर लिहून घेत होते, त्यांच्या हाताला तो वेग होता म्हणून आज ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आहे आणि कितीतरी भाषांत आहे. विनोबा ओघात बोलत होते. तो ओघ त्या रविवारी कोणी धरला नसता तर सोमवारी काही उरलं नसतं. हल्ली ‘स्ट्रीमिंग’ म्हणतात तेव्हा मला आधी ही जेल आठवते.

दुसरी गोष्ट जळगावची. बहिणाबाई चौधरी 1880 साली आसोद्याला जन्मल्या. जळगावात नांदल्या, जात्यावर, शेतात, चुलीपाशी गात राहिल्या. लिहायला येत नव्हतं. त्यांच्या तोंडची गाणी मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ऐकता ऐकता कागदावर उतरवून ठेवली. 3 डिसेंबर 1951 ला बहिणाबाई गेल्या, आणि पुढच्याच वर्षी, 1952 मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. आज आमच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण घरातल्या दोघांनी उतरवून घेतलं तेवढंच आलं. बाकीचं जात्याच्या घरघरीत गेलं, आणि त्यांचा आवाज कसा होता हे तर आज कुणालाच ऐकता येत नाही. ग्रामोफोन तोवर देशात येऊन पन्नास वर्षं झाली होती. त्यांच्या शेतापर्यंत तो आला नव्हता.

चाळीसगावच्या केकी मूस यांचं एक मध्येच सांगतो. स्टेशनजवळच्या बंगल्यात या पारशी कलावंताने जवळजवळ सगळं आयुष्य काढलं. 1989 मध्ये ते वारले. घराबाहेर पाऊल टाकणं त्यांच्या बाबतीत अपवाद. आत मात्र छायाचित्रं, चित्रं, लाकडी कामं, संगीताच्या तबकड्या. आता तिथे कलादालन आहे. लोक त्यांच्या एकटेपणाच्या कथा सांगतात. मला त्यांची शिस्त महत्त्वाची वाटते. घरच्या घरी साठवण करून ती पुढच्याला दाखवता येईल अशा अवस्थेत मागे ठेवणारा माणूस आमच्या भागात मी तरी दुसरा पाहिला नाही.

आता माझा धंदा. 1982 च्या एशियाडला दिल्लीत रंगीत टीव्ही आला, आणि त्यामागोमाग मुंबईमार्गे व्हीसीआर आमच्या गावांत उतरले. विकत घेणारे थोडे, भाड्याने नेणारे फार. एका रात्रीचा व्हीसीआर, रंगीत टीव्ही आणि तीन कॅसेट असा सेट असायचा. हातगाडीवर गादी अंथरून त्यावर टीव्ही निजवायचा, दोरीने बांधायचा आणि गल्लीत न्यायचा. कुणाच्या घरी बारसं, कुणाकडे साखरपुडा, कुठे गणपती मंडळ. ओट्यावर टीव्ही, खाली सतरंजी, आणि पहाटेपर्यंत तीन सिनेमे. मी बरोबर जायचो, कारण मशीनला हात लावायचा अधिकार फक्त लायब्ररीच्या पोऱ्याला. चित्रात पांढऱ्या रेघा आल्या की झाकण उघडून स्पिरिटात भिजवलेला कागद फिरत्या हेडला लावायचा. त्या वेळी सगळी गल्ली श्वास धरून बघायची. तेवढा मान मला पुढे कधी मिळाला नाही.

त्या धंद्यात हक्काचा माल किती आणि चोरीचा किती, हे सगळ्यांना माहीत होतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1984 साली दुरुस्ती होऊन शिक्षा वाढली, व्हिडिओ कॅसेटवर निर्मात्याचं नाव आणि सेन्सॉरचं प्रमाणपत्र लावणं सक्तीचं झालं. शिक्षा वाढली म्हणून कॉपी करणं थांबलं नाही. दुकानदार फक्त जास्त सावध झाले. कॉपीवरून कॉपी, तिच्यावरून आणखी एक. चौथ्या-पाचव्या कॉपीत हिरोचा शर्ट कोणत्या रंगाचा हे विचारून घ्यावं लागे. चुंबकी टेपचा हा गुणच आहे, प्रत्येक पिढीला थोडं गळतं. कॉपीवरून कितीही कॉपी केली तरी ती मुळासारखीच राहते, ही गोष्ट आम्हाला सीडी येईपर्यंत ठाऊक नव्हती.

1987 च्या जानेवारीत दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं, तेव्हा आणखी एक काम निघालं. रविवारी सकाळी मालिका लागली की लायब्ररीत व्हीसीआर रेकॉर्डवर टाकायचा, आणि ज्यांच्या गावात त्या वेळी वीज गेली असेल त्यांना संध्याकाळी कॅसेट द्यायची. वीज हमखास गेलेली असायची. तीन तासांच्या एका ई-180 कॅसेटवर चार-पाच भाग बसत. तेव्हा कळलं की लोकांना नुसतं बघायचं नसतं, पुन्हा बघायचं असतं, आणि तेही आपल्या वेळेला. आजच्या डब्याची सगळी गरज त्या एका वाक्यात आहे.

पण खरी मजा ऑडिओ कॅसेटची होती. फिलिप्सने ही कॅसेट 1963 साली काढली, आपल्याकडे ऐंशीच्या दशकात गुलशनकुमारच्या टी-सिरीजने ती इतकी स्वस्त केली की शेतातल्या गड्याकडेही टेप आला. कोरी सी-60 किंवा सी-90 घेऊन लोक दुकानात यायचे, बरोबर वहीच्या पानावर गाण्यांची यादी. आम्ही रात्रभर भरायचो आणि सकाळी कव्हरवर बॉलपेनने नावं लिहून द्यायचो. हळूहळू उलटं काम येऊ लागलं. कुणी भरलेली कॅसेट आणायचा आणि म्हणायचा, “भाऊ, हिच्यात मन्ही मायना आवाज शे, एक अजून काढी दे.”

त्या कॅसेटमध्ये आखाजी असायची. अक्षय्यतृतीयेला आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. पुरुष त्या दिवसांत पत्ते कुटतात, ते सोडा. आईचा, आजीचा, आत्याचा आवाज त्या निमित्ताने कोणी ना कोणी टेपवर घ्यायचाच. श्रावणात कानबाईच्या जागरणाची गाणी तशीच. धुळ्याकडची असली तर अहिराणीत, यावल-रावेरकडची लेवा बोलीत. एका बाजूला गाणं, मागे भांड्यांचा आवाज, मध्येच कुणीतरी “चालू शे का रे?” असं विचारतं आणि पोरं हसतात. बाजारात असली कॅसेट मिळत नव्हती आणि आजही मिळणार नाही. दुकानात येणाऱ्या सगळ्या मालात हाच एक माल असा होता की ज्याची दुसरी प्रत जगात कुठेच नाही. सिनेमा गेला तर पुन्हा आणता येतो.

आपलंच काही भरायची ही हौस व्हिडिओतही होती. मालेगाव जिल्ह्याने नाशिकमध्ये, पण धुळ्याहून तासाभरावर. तिथल्या नासिर शेखचा व्हिडिओ पार्लर होता. सिनेमे दाखवता दाखवता तो स्वतःच काढायला लागला, आणि 2000 साली ‘मालेगाव के शोले’ आला. पडद्यावर गावचेच यंत्रमाग कामगार आणि छोटे दुकानदार. फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला तेव्हा ते जगाला कळलं, आणि रीमा कागतींचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ 2025 च्या फेब्रुवारीत थिएटरात लागला. आमच्या धंद्यातल्या लोकांना यात नवल वाटलं नाही. दिवसभर दुसऱ्याची रिळं भरणाऱ्याला कधीतरी आपलं काही भरावंसं वाटणारच. छोटू दादासारख्यांच्या खान्देशी विनोदी व्हिडिओंची, आणि आज यूट्यूबवर कोट्यवधी वेळा बघितल्या जाणाऱ्या अहिराणी गाण्यांची मुळं मला त्या पार्लरांतच दिसतात.

व्हीसीडीबद्दल थोडक्यात. एका तबकडीवर 74 मिनिटं, म्हणून हिंदी सिनेमा दोन-तीन तबकड्यांचा. पहिली संपली की मारामारी अर्ध्यावर राहायची आणि कुणीतरी उठून दुसरी टाकायची. चित्र अगदी साधं, 352 बाय 288 ठिपक्यांचं. पण तबकडी छापायला स्वस्त, त्यामुळे अहिराणी गाण्यांच्या आणि तमाशांच्या व्हीसीडी बस स्टँडवर, जत्रेत, उसाच्या रसाच्या गाड्यांशेजारी विकल्या जाऊ लागल्या. त्याच सुमारास एमपी3 आलं आणि एका सीडीवर दीडशे गाणी बसली. घरी भरलेल्या सीडी मात्र फसव्या निघाल्या. कंपनीत छापलेली तबकडी अजून चालते. संगणकावर जाळून भरलेली, स्वस्तातल्या शाईची, पत्र्याच्या कपाटात ठेवलेली तबकडी दहा वर्षांत बोलेनाशी होते. ‘लग्न, कायमस्वरूपी आठवण’ असं छापलेल्या पेट्यांत मी अशा कितीतरी मुक्या तबकड्या बघितल्या आहेत.

मग मेमरी कार्ड. हा आमच्या धंद्याचा शेवटचा सुगीचा काळ. दोन जीबीचं कार्ड नखाएवढं, त्यात शेकडो गाणी आणि पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चित्राचे थ्रीजीपी व्हिडिओ. दुकानात संगणकासमोर बाजाराच्या दिवशी रांग. शिरपूर-चोपड्याच्या वरच्या अंगाने, सातपुड्यातून पावरा पोरं उतरायची, त्यांना पावरी गाणी हवीत. ट्रॅक्टरवाल्यांना डीजेची. काळी-पिवळीवाल्यांना जुन्या हिंदी गाण्यांचा पेन ड्राइव्ह. प्रत्येकासाठी वेगळं फोल्डर. “भो, मन्हं कार्ड भरी दे” एवढंच म्हणायचं आणि बाजूच्या हॉटेलात शेव-भाजी खायला जायचं. कार्ड भरून परत घेताना गिऱ्हाइकाने दुकानाचा संगणक आपल्या कार्डातल्या एखाद्या दुर्मीळ गाण्याने नकळत भरलेला असायचा. खान्देशातल्या बोलींच्या गाण्यांचा तेव्हाचा सगळ्यात मोठा साठा अशा दुकानांच्या हार्ड डिस्कांत होता, असं माझं ठाम मत आहे. कुठल्याही संस्थेकडे नव्हता.

5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झालं आणि ती रांग काही महिन्यांत विरली. फोनवर सगळं फुकट दिसतंय म्हटल्यावर कार्ड कोण भरणार? काही दुकानं बंद झाली, काही मोबाइलची कव्हरं विकू लागली. संगणक भंगारात गेले आणि त्यांच्या पोटातल्या डिस्कही गेल्या. आखाजीच्या, कानबाईच्या, पावरी पोरांच्या गाण्यांसकट. त्याची कुठे बातमी आली नाही. त्याच वर्षी जुलैत जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणं थांबवलं. बनवणारी तीच शेवटची उरली होती. लोकांच्या कपाटात लग्नाच्या व्हीएचएस कॅसेट आहेत आणि त्या लावायला जगात नवं मशीन नाही, अशी अवस्था झाली.

आता कोणी म्हणेल, सगळं यूट्यूबवर आहे, डबा कशाला? यूट्यूबवरचं आपलं नसतं. चॅनेल बंद पडतं, हक्काचा दावा येतो, गाणं रातोरात नाहीसं होतं. सिनेमांच्या अ‍ॅपवर तर सिनेमा कधी येतो आणि कधी जातो हे त्यांच्या करारावर. आणि आईचा आवाज तिथे चढवायला घरातले सगळे तयार होत नाहीत. माझ्या मते ते बरोबरच आहे.

म्हणून डबा. त्याचीही वंशावळ आहे. आयबीएमने 1956 साली पहिली हार्ड डिस्क काढली, चोवीस इंची पन्नास थाळ्या, कपाटाएवढं धूड, आणि जागा पाच मेगाबाइटच्याही आत. आजच्या फोनमधला एक फोटो त्यात जेमतेम मावेल. 1988 मध्ये बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडलं की एक महागडी डिस्क घेण्यापेक्षा स्वस्तातल्या अनेक एकत्र बांधा आणि एखादी मेली तरी माहिती वाचेल अशी रचना करा. त्याला रेड म्हणतात. ऑफिसांतली ती विद्या तैवानच्या सिनॉलॉजीने आणि क्यूनॅपने 2000 नंतरच्या दशकात घरच्या टेबलावर आणली. प्लेक्स आणि पुढे जेलिफिनसारख्या सॉफ्टवेअरनी त्या डब्याला टीव्हीवर पोस्टरं लावून सिनेमे दाखवायला शिकवलं.

या डब्यांच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात एक ओळ असते, ती आमच्या भागात सगळ्यात मोठ्या अक्षरात वाचायला हवी. बहुतेक घरगुती डब्यांसाठी चालण्याचं तापमान 0 ते 40 अंश दिलेलं असतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत, टीव्हीच्या बंद कपाटात, माळ्यावर डबा ठेवला तर तो उन्हाळा काढेल याची खात्री कोणतीच कंपनी देत नाही. ज्या खोलीत कूलर किंवा एसी चालतो त्या खोलीत, मोकळ्या हवेत ठेवा. कूलरच्या थेट झोतात मात्र नको, ओलावा लागतो. कॅसेटला पावसाळ्यात पांढरी बुरशी आणि उन्हाळ्यात वाकलेलं कव्हर हे ज्यांनी बघितलंय, त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरा शत्रू वीज. 2005 नंतरची भारनियमनाची वर्षं आमच्या खेड्यांनी बारा-बारा तास अंधारात काढली. आता तेवढं नाही, पण वादळात, कापणीच्या दिवसांत, लाइनमन खांबावर चढला की झटका बसतोच. डिस्क फिरत असताना वीज गेली तर लिहिणं अर्धवट राहतं. घरच्या इन्व्हर्टरला मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू आहे का बघा, नाहीतर वीज बदलताना डबा एकदा बंद पडून पुन्हा चालू होतो. त्याहून बरं म्हणजे डब्यासाठी छोटा वेगळा यूपीएस घ्या, ज्याची यूएसबी वायर डब्याला लागते आणि बॅटरी उतरत आली की डबा आपणहून नीट झोपतो.

प्रोसेसरवर पोरं फार भांडतात. टीव्हीला फाइल आहे तशी वाचता येत असेल तर डब्याला काहीच काम नसतं, साधा स्वस्त डबा पुरतो. जुना टीव्ही आणि नवी एच.265 फाइल असेल, किंवा बाहेरगावच्या मुलाला कमी नेटवर बघायचं असेल, तर डब्याला चालता चालता फाइल बदलून द्यावी लागते. तेव्हा मात्र ज्यात व्हिडिओचं काम करणारा भाग आहे असा इंटेलचा प्रोसेसर घ्या. आणि वायर ओढा. वायफायवर भरवसा ठेवून नंतर अडखळणाऱ्या चित्राला शिव्या देणारे फार भेटतात. एक गंमत सांगतो, पुष्कळ महागड्या टीव्हींच्या मागचं लॅनचं तोंड फक्त 100 एमबीपीएसचं असतं. फोरके ब्लू-रेची थेट प्रत कधीकधी त्याच्या पुढे जाते आणि दोष बिचाऱ्या डब्याला लागतो. घरातले नेहमीचे व्हिडिओ त्याच्या पाचव्या भागातही भागतात.

डिस्क घेताना ती सीएमआर पद्धतीची आहे ना, हे विचारून घ्या. दुसऱ्या, एसएमआर पद्धतीत पट्टे एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात, रेडमध्ये एखादी डिस्क बदलायची वेळ आली की ते काम तासन्‌तास, दिवसन्‌दिवस रखडतं. 2020 साली नॅससाठी म्हणून विकलेल्या काही डिस्कांत हीच पद्धत निघाली होती आणि जगभर ओरड झाली होती. नाव छापलंय म्हणून विश्वास नको.

किती जागा? एक तासाची जुनी मिनीडीव्ही टेप उतरवली तर साधारण तेरा जीबी. नव्वद मिनिटांची ऑडिओ कॅसेट पूर्ण प्रतीने घेतली तर एका जीबीच्या आत. म्हणजे सगळ्या खानदानाच्या आखाजी एका छोट्या डिस्कच्या कोपऱ्यात बसतात. जागा खातात ते सिनेमे आणि हल्लीची लग्नं. व्हिडिओवाला 100 एमबीपीएसने फोरके घेतो तेव्हा ताशी 45 जीबी, आणि हळदीपासून पाठवणीपर्यंत तीन कॅमेरे. त्यामुळे जागा लागते किती, हे मी लग्नं मोजून सांगतो.

दोन डिस्कांचा डबा घ्या, दोन्हीवर तेच लिहिलं जाईल असा लावा, हे मी सगळ्यांना सांगतो. आणि लगेच सांगतो की ही दुसरी प्रत झाली नाही. एकाच खळ्यात कापसाच्या दोन गंज्या लावल्या आणि ठिणगी पडली तर दोन्ही जातात. चोरी झाली, पूर आला, वीज कडाडली, नातवाने फोल्डर पुसलं, तर दोन्ही डिस्कांवरून एकदमच जातं. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने आपल्या पुस्तकात एक हिशेब रूढ केला. प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. खान्देशात हे सोपं आहे. घराबाहेरची प्रत भुसावळच्या किंवा अमळनेरच्या बहिणीकडे ठेवायची. पोर्टेबल डिस्क, वर्षातून एकदा ताजी करायची. आखाजीला ती माहेरी येते तेव्हा डिस्क घेऊन येईल आणि परत नेईल. यापेक्षा पक्कं वेळापत्रक कोणत्याही सॉफ्टवेअरचं नाही.

आणि नावं लिहा. हे काम कोणी करत नाही आणि म्हणूनच सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. ‘न्यू फोल्डर 2’ मध्ये पडलेला आवाज कुणाचा, कुठल्या गावचा, कोणत्या साली, हे सांगणारी माणसं जिवंत आहेत तोवर विचारून घ्या. राजवाडे कागद मिळाला की तो कुठे आणि कुणाकडे मिळाला ते लिहून ठेवत. त्यामुळे त्याला किंमत आली. फाइलचं नाव मराठीत ठेवायला आता काही अडचण नाही. ‘कानबाई, मोठी माय, निजामपूर’ एवढं लिहिलं तरी पन्नास वर्षांनी कुणाला तरी रडू येईल.

डबा कोणत्या कंपनीचा, हा प्रश्न शेवटी उरतो. माझं उत्तर असं की पैसे कमी असतील तर डबा हलका घ्या, डिस्क आणि यूपीएसवर कंजूषी करू नका, आणि जो डबा घ्याल त्याची दुरुस्ती जळगावात, निदान नाशकात होते का ते आधी फोन करून विचारा. सिनेमे भरून मी देत नाही, ते आणणं तुमच्या हातात. कॅसेट उतरवून मात्र देतो, माझ्याकडे दोन व्हीसीआर आणि एक डेक अजून चालू आहेत. हेड झिजत चाललेत आणि नवे मिळत नाहीत, तेव्हा लवकर या. येताना कॅसेट गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, पिशवीत घालून मांडीवर आणा. मंगळवारी दुकान बंद असतं.